गळ्यातला नंबर

पेटीचा खटका गेल्या दिवाळीत तुटला. ढिला तर तो कितीतरी वर्षांपासून होता. आजी त्याच्याभोवती काळा दोरा गुंडाळून ठेवायची आणि तिच्यामागे मीही तेच करत आले. या खेपेला मात्र बिजागरीतला काटाच निसटून कुठेतरी पडला, मग इलाज राहिला नाही. पेटी रुमालात बांधली आणि नगरचा सराफ बाजार गाठला. (शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. कागदावर मी तेच लिहिते. एस.टी.च्या कंडक्टरपुढे मात्र तोंडातून अजून "एक नगर" असंच निघतं.)

दुकानातल्या तरुण सराफाने भिंग डोळ्याला लावलं, पेटी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ताई, हा ताईत आहे का घड्याळाचं घर?"

दोन्ही नाही, असं म्हटलं खरं. पण मग काय आहे, ते सांगायला शब्द सापडेना.

वस्तू जुन्या रुपयाहून थोडी मोठी. चांदीची, चपटी, गोल. मागच्या अंगाला मोर आहे. पिसारा ठशाने उठवलेला, चोच झिजून गेलेली. पुढचं झाकण विचित्र आहे, कारण त्याच्या मधोमध खिडकी कापली आहे आणि खिडकीच्या कडेने बारीक रव्यांची ओळ बसवली आहे. त्या खिडकीतून आतली विटकरी रंगाची चकती दिसते. हाताला कातड्यासारखी लागते, पण आहे दाबलेल्या फायबरची. तिच्यावर इंग्रजीत एकेक अक्षर हाताने ठोकून उमटवलंय. आधी नंबर, मग नाव, मग हिंदू असल्याची खूण म्हणून एक अक्षर. ओळ सरळ नाही. शेवटची दोन अक्षरं कडेला चढली आहेत, जागा पुरली नाही म्हणून किंवा रांगेत मागे अजून पन्नास जण उभे होते म्हणून.

ती चकती माझ्या आजोबांची.

संगमनेर तालुक्यातलं आमचं गाव, निमजपासून फार लांब नाही. आजोबा १९४१ साली मराठा पलटणीत भरती झाले. का झाले, याचं उत्तर आमच्या भागात कोणाला विचारावं लागत नाही. पाऊस नव्हता, भाऊ चार होते आणि जमीन होती ती दगडाची. नगर जिल्ह्यातल्या कोरड्या तालुक्यांनी फौजेला माणसं दिली, त्यात देशप्रेम किती आणि दुष्काळ किती, हे मोजायला कोणी बसू नये. १९४२ च्या उन्हाळ्यात ते बेळगावच्या सेंटरवरून रजेवर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात दोरी होती. दोरीत एक हिरवी अष्टकोनी चकती, आणि हिरवीच्या खालच्या भोकातून दुसऱ्या आखूड दोरीने लोंबणारी ही लाल, गोल.

पणजीने विचारलं, हे काय? आजोबा म्हणाले, "सरकारने दिलंय. काढायचं नसतं."

पणजीला एवढं पुरे झालं. दोरीत ओवलेलं, अंघोळीलाही न काढायचं आणि वर कोणाला वाचता न येणारी अक्षरं, म्हणजे ताईतच. सरकारलाही आपल्या माणसांची काळजी आहे म्हणायची, असं तिला बरं वाटलं असणार. फक्त सरकारने ताईत असा उघडा दिला, पेटीवाचून दिला, हे काही तिला पटलं नाही. घामाने भिजेल, झिजेल, आणि झिजलेला ताईत राखतो कोणाला? उतरंडीतल्या खालच्या गाडग्यातून तिने चार रुपये काढले आणि गावातल्या सोनाराकडे गेली. बरोबर नवी सून होती, पंधरा वर्षांची. ती माझी आजी. पुढची हकीकत मला तिच्याकडून मिळाली आणि तिने ती इतक्या वेळा सांगितली आहे की मी स्वतः त्या ओट्यावर बसले होते असं मला अधूनमधून वाटतं.

सोनाराने चारही रुपये ऐरणीवर वाजवले. तीन बाजूला ठेवले, एक परत दिला. "हा नवा राजाचा. यात निम्मी भेसळ. राणीचेच असतील ते द्या." त्याचं बरोबर होतं. रुपयाचं वजन साडेअकरा ग्रॅमच्या वर, म्हणजे बरोबर एक तोळा. पूर्वी त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची. लढाई लागली आणि १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली. दिल्लीला कोणी कायदा केला हे त्या सोनाराला ठाऊक नव्हतं, पण रुपयाच्या आवाजातला फरक त्याने पहिल्या वर्षीच पकडला होता. राणीचे तीन रुपये मुशीत गेले, टाकणखाराची चिमूट पडली, त्याने फुंकणी फुंकली आणि, आजी सांगायची, "राणीचं नाक आधी गेलं, मग मुकुट." साहेबाच्या शिपायाला राखायला साहेबाचीच राणी वितळवली, यातली गंमत त्या ओट्यावर कोणाला वाटली नसेल. मला वाटते.

पेटी तयार झाली, तिला पुढे भरीव झाकण होतं. तेव्हा आजोबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "नंबर झाकला तर साहेब आत टाकेल." पणजी म्हणाली, ताईत कधी उघडा असतो का? बरीच हुज्जत झाली. शेवटी सोनाराने तोड काढली: झाकणाला खिडकी कापायची आणि कापलेल्या चांदीचे रवे करून कडेला लावायचे, म्हणजे चांदीही वाया जात नाही. मोर मागे गेला, नंबर पुढे आला.

त्या चकत्या कशासाठी होत्या, हे आजोबांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ते घरात सांगितलं नाही.

ब्रिटिश फौजेत १९०७ साली प्रत्येक शिपायाला ॲल्युमिनियमची एक चकती मिळू लागली. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ती फायबरची झाली, पण राहिली एकच. शिपाई पडला की सोबती ती काढून घेत, कचेरीत पोचवत, यादीत नाव चढे, घरी तार जाई. प्रेत मात्र तिथेच राही, आणि महिन्याभराने पुरायला कोणी आलं की ते कोणाचं हे सांगायला त्याच्या अंगावर काहीच उरलेलं नसे. कागद नीट आणि माणूस बेवारस, अशी हजारो प्रेतं झाली तेव्हा १९१६ साली दुसरी चकती आली. हिरवी प्रेताबरोबर राहायची, लाल आखूड दोरीसकट कापून न्यायची. धर्माचं अक्षर असायचं ते पुरायचं की जाळायचं हे ठरवण्यासाठी. इटलीत फोर्लीला हिंदी फौजेचं युद्धस्मशान आहे. तिथे पुरलेल्यांच्या कबरी आहेत आणि ज्यांना अग्नी दिला त्यांचं वेगळं स्मारक आहे. एवढी विभागणी त्या एका ठोकलेल्या अक्षरावर झाली.

म्हणजे पणजीने चांदी मढवली ती नेमकी त्या चकतीला, जी तिचा मुलगा मेल्यावर कापून न्यायची होती. फौजेने ती वस्तू मरणासाठी केली होती. घराने ती हातात घेतली आणि परत येण्यासाठी करून टाकली. मराठीत लाडक्या माणसाला गळ्यातला ताईत म्हणतात. इथे ताईत कोण आणि गळा कोणाचा, याचाच घोळ.

फायबरविषयी पणजीचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं निघालं. ती चकती मातीत टिकत नाही. ओल लागली की फुगते, कुजते. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत आजही नांगराला शिपायांची हाडं लागतात आणि चकती विरून गेलेली असते. अशा वेळी कामी येतात त्या शिपायांनी पदरच्या पैशाने करून घेतलेल्या वस्तू: नाणं घासून त्यावर कोरलेलं नाव, मनगटातली चांदीची पट्टी, चमच्याच्या दांड्यावरचा नंबर. सरकारी गेलं आणि हौसेचं उरलं. २०१६ साली फ्रान्समध्ये रिशबूर्गजवळ दोन हिंदी शिपायांचे अवशेष सापडले. त्यांची पलटण गढवाल रायफल्स, हे कळलं ते खांद्यावरच्या धातूच्या ३९ आकड्यावरून. नावं कळलीच नाहीत.

धातूची चकती असली म्हणजे काय होतं, तेही सांगते. १९ कुमाऊँचे लान्स नाईक चंद्रशेखर हर्बोला १९८४ च्या मे महिन्यात सियाचीनवर बर्फाच्या कड्याखाली गेले. २०२२ च्या ऑगस्टात, अडतीस वर्षांनी, त्यांचे अवशेष सापडले आणि ओळख पटली ती चकतीवरच्या आर्मी नंबरावरून. हल्दवानीला त्यांना अग्नी दिला गेला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी पेटी कपाटातून काढून बराच वेळ हातात धरून बसले होते.

आजोबा इटलीत गेले. इटलीबद्दल ते बोलले तर तीन गोष्टींबद्दल बोलत: चिखल, खेचरं आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका, "अगदी आपल्यासारख्या, डोक्यावरून काळा पदर." लढाईबद्दल विचारलं की ते निमजकडे बोट दाखवत. "ते त्यांना विचारायचं." निमजचे नामदेव जाधव पहिल्या बटालियनमध्ये कंपनीचे रनर होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं. मग परत फिरून शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली. हाताला गोळी लागली तेव्हा टॉमी गन टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. शेवटी बंधाऱ्यावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली आणि बाकीच्यांना बोलावलं. तेव्हा त्यांचं वय तेवीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते वारले तेव्हा आजोबा पायी निमजला गेले होते आणि येताना वाटेत कोणाशी बोलले नाहीत, एवढं मला आठवतं.

आजोबा १९४६ साली घरी आले. धडधाकट. गळ्यात पेटी. पणजीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिला हात त्या पेटीला लावला. पुढे दोन दिवस ती गावभर पेटीचं श्रेय वाटत फिरली. चार रुपयांतला तो परत आलेला राजाचा रुपया तिने मारुतीपुढे ठेवला म्हणे.

मला खरी गोष्ट कळली १९८० च्या सुमारास. मी अकरा-बारा वर्षांची असेन. आजोबा ओसरीवर बसून बूट पुसत होते. पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली तरी हा माणूस रोज बूट पुसायचा. मी विचारलं, "आजोबा, पेटीला कधी गोळी लागली का?" त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पेटी गळ्यात होतीच कुठं? जहाजावर चढायच्या आधीच हवालदार मेजर म्हणाला, हे देवघर काढ. चांदी चमकते, रात्री वाजते. चकती दोरीत ओवली, पेटी पिठूत टाकली. चार वर्षं मोज्यात गुंडाळलेली होती." मग बोट ओठावर. "म्हातारीला सांगू नको." म्हातारी म्हणजे पणजी नव्हे, ती कधीच गेली होती. म्हातारी म्हणजे आजी.

मी सांगितलं नाही. एवढं मोठं गुपित जवळ असण्याचा मला फार अभिमान होता.

आजीने आजोबांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही. त्या पिढीतल्या कोणत्याच बाईने नवऱ्याचं नाव घेतलं नाही, त्यात नवल नाही. नवल पुढचं आहे. तिला नंबर तोंडपाठ होता. लढाईच्या चार वर्षांत पगारातला घरी पाठवायचा वाटा यायचा, पत्रं यायची, पलटणीकडून चौकशीचे कागद यायचे, आणि सगळीकडे आधी नंबर लागायचा. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमनकडून तिने तो आकडा एकेक करून घोकून घेतला, मराठीतून. हळदीकुंकवाला बायका तिला नाव घे म्हणून अडवत. तिचा उखाणा ठरलेला:

"चांदीच्या पेटीवर मोराचा ठसा,
नंबर सांगते त्यांचा, मग गप बसा."

आणि ती खरंच घडाघडा नंबर म्हणायची. बायका हसून बेजार. लहानपणी मीही हसायचे. आता त्यातलं हसू जरा कमी झालंय, कारण मधल्या काळात मी दुसरेही काही नंबर पाहिले.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने दिलेली. या गावातून महायुद्धाला, १९१४ ते १९१९, इतकी माणसं गेली. त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. नावं नाहीत. साताऱ्याकडच्या अपशिंग्यात मेलेल्यांचा आकडा ४६ आहे, आणि त्या गावाला लोक आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतात. तिकडे बसऱ्याला, जिथे मराठा पलटणींची माणसं ढिगाने मेली, जे मोठं स्मारक उभं राहिलं त्यावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद झाली. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आली. हिंदी शिपायांची पलटणीवार संख्या आली. त्यांच्याही गळ्यात चकत्या होत्याच ना? चकतीवरचं नाव कचेरीपर्यंत पोचलं आणि भिंतीपर्यंत यायच्या आत गळालं.

याला फौजेचा निष्ठुरपणा म्हणून मोकळं होता येत नाही, कारण आपण तरी काय केलं? नगर जिल्ह्यात देवळाबाहेर, वेशीत, बांधावर वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय, त्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही. आमच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक आहे, घोड्यावरचा, हातात तलवार. होळीनंतर त्याला वाजतगाजत काढायचा, आंघोळ घालायची, नैवेद्य दाखवायचा. हा आपला कोण, असं मी एकदा विचारलं. "घरातलाच," असं उत्तर मिळालं. कोणत्या लढाईत गेला? "जुन्या." टाकाला चांदी मिळाली, नाव नाही. गावच्या पाटीला आकडा मिळाला, नाव नाही. आणि जिला नाव ठाऊक होतं ती आमची आजी, ती आकडा म्हणून दाखवायची.

आजोबा १९८७ साली गेले. अंथरुणातच, पहाटे, कुणाला त्रास न देता. तेराव्यानंतर आजीच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण ही पेटी होती. काळ्या दोऱ्यात ओवलेली. भावकीतल्या एका काकूने टोकलं की विधवेने दागिना घालू नये. आजी म्हणाली, "दागिना कुठाय? सरकारी नंबर आहे." पुढे कोणी बोललं नाही. सरकारी म्हटल्यावर आपल्याकडे माणसं गप्प बसतात.

नंतर त्या पेटीने एक खरं काम केलं. फौजी पेन्शनचे कागद अलाहाबादहून येत, आणि दर नोव्हेंबरात पेन्शनरणीने बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा असे, की मी अजून जिवंत आहे. मी आजीला घेऊन जायचे. (बँक कोणती ते सोडा.) काउंटरवरच्या बाबूने मान वर न करता विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव?" आजी गप्प. "नाव सांगा आजी, मागे लाइन आहे." मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझा हात दाबला, पदराआडून पेटी बाहेर काढली आणि जाळीतून आत धरली. दोरा गळ्यातच, त्यामुळे तिला वाकून कपाळ जाळीला टेकवावं लागलं. बाबूने चष्मा वर केला, खिडकीतलं वाचलं, रजिस्टरमध्ये नंबर शोधला. नंबर जुळला. नाव वाचताना तो अडखळला, कारण चकतीवरचं स्पेलिंग वेगळं आणि रजिस्टरमधलं वेगळं. इंग्रजांनी पलटणीच्या 'मराठा' शब्दातसुद्धा एच भलत्याच जागी घातला होता, तिथे आमच्या आजोबांच्या नावाची काय कथा. "हे असं लिहिलंय, ते तसं लिहिलंय," बाबू म्हणाला. आजी म्हणाली, "नंबर बघा. नाव काय, माणसं कसंही लिहितात."

मेल्याची ओळख पटवायला केलेली ती चकती अकरा वर्षं, दर नोव्हेंबरात, एक बाई जिवंत असल्याचा दाखला मिळवत राहिली.

त्याच अकरा वर्षांत केव्हातरी, दिवाळीची भांडी घासताना, मी तिला ते गुपित सांगून टाकलं. आजोबा गेले होते, शपथ मोडायला हरकत नव्हती. आजी चिंचेने समई घासत होती. तिने हातही थांबवला नाही. "मला ठाऊक होतं." कसं? "आले त्या दिवशी पेटी काळी ठिक्कर होती. अंगावरची चांदी काळी पडत नाही, पोरी. रोज कातडीला घासते, कपड्याला घासते, उजळ राहते. गाठोड्यातली काळी पडते. सासूबाईंना दिसलं नाही, त्यांना कमी दिसायचं. मी रात्री घासून ठेवली."

चाळीस वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. मला त्यांच्या संसाराबद्दल याहून जास्त माहिती नाही आणि नकोही.

हल्ली आमच्या शेजारचा मुलगा भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला भिंगारकडच्या रस्त्यावर अशी पंधरा-वीस पोरं पळताना दिसतात. सोळाशे मीटर, घड्याळ लावून. फौजेचं गाव आहे नगर. रणगाड्यांचं ट्रेनिंग सेंटर इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर १९७९ पासून इथे, आणि रणगाड्यांचं संग्रहालय आहे तिथे १९६५ साली पकडलेले पॅटन रणगाडे पाहायला सहली येतात. त्या मुलाच्या गळ्यात स्टीलच्या दोन पट्ट्या असतात, ऑनलाइन मागवलेल्या, वर त्याचं नाव आणि रक्तगट. पट्टीला एका टोकाला खाच आहे. ती खाच मेलेल्या शिपायाच्या दातांत अडकवायला असते, असं तो मला मोठ्या थाटात सांगत होता. ही अमेरिकन शिपायांतली जुनी थाप. खाच होती ती अक्षरं उठवायच्या मशीनमध्ये पट्टी हलू नये म्हणून. मी त्याला तसं सांगितलं आणि त्याचा चेहरा पडला. मग पेटी दाखवली. त्याने खिडकीतून नंबर मोठ्याने वाचला, इंग्रजीतून. आजीचा नंबर मला मराठीतून ऐकायची सवय. इंग्रजीत तो दुसऱ्याच कोणाचा वाटला. त्याची आई म्हणाली, "ताई, भरती झाला तर याच्याही चकतीला अशीच करून घेईन. करतील का हो आता कोणी?" अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जाईल, गेला तर. चकती चार वर्षांवाल्यालाही तीच मिळते.

तिचा प्रश्न मी सराफाला विचारला. तो म्हणाला, करू की, पण रवे हाताने कोण लावणार, मशीनचे लावू. त्याने नवा काटा घातला, बिजागरीला डाग दिला, खटका दोनदा उघडून मिटून दाखवला. कट् असा आवाज आला. तो मी पहिल्यांदाच ऐकला, कारण मला कळायला लागल्यापासून तिथे दोराच होता. चकती त्याने चिमट्याने बाहेर काढून कागदावर ठेवली होती, ती परत बसवताना शेवटची दोन चढलेली अक्षरं बरोबर वरच्या कडेला आणली. मी न सांगता. मोर पॉलिश करू का म्हणाला. नको म्हटलं.

पैसे घेतले आणि पावती फाडली. नाव विचारलं, मी माझं सांगितलं. पावतीवर लिहिलंय: जुनी चांदीची पेटी, नग १, दुरुस्ती. वजन ३१ ग्रॅम. आतील चकती वजनात धरलेली नाही.